बाह्यवळण रस्त्याने शहराची कोंडी सुटते की शहर आणखी पसरतं?

नकाशाकार: अवजड वाहनं गावाबाहेरून जावीत म्हणून बाह्यवळण रस्ता बांधतात. थोड्याच वर्षांत त्याच्या कडेला आधी गोदामं, पेट्रोल पंप येतात, मग वसाहती, आणि वाहतूक पुन्हा तुंबते. ब्रिटनला रस्त्याकडेची ही पट्टावाढ रोखायला 1935 मध्येच कायदा करावा लागला. माझ्या मते असे रस्ते बांधूच नयेत.

उलटबाजू: अजिबात पटलं नाही. ओसाड माळावरूनही महामार्ग जातात, तिथे शहरं उगवत नाहीत. रोजगार आणि पाणी असेल तिथेच वस्ती होते. रस्ता फक्त अंतर जवळ आणतो.

नकाशाकार: ते ‘फक्त’ फार महागात पडतं. सर्व दिशांना वेग दीडपट झाला, तर तेवढ्याच वेळात दीडपट लांब जाता येतं, म्हणजे आवाक्यातली जमीन सव्वादोन पट होते. अमेरिकेत 1956 च्या महामार्ग कायद्यानंतर आंतरराज्य महामार्ग थेट शहरांच्या पोटातून गेले. अर्थतज्ज्ञ नॅथॅनियल बाउम-स्नो यांनी 2007 मध्ये मांडलेला हिशेब असा: मध्यवर्ती शहरातून जाणाऱ्या प्रत्येक नव्या महामार्गामागे तिथली लोकसंख्या सुमारे 18 टक्क्यांनी घटली. माणसं उपनगरांत गेली.

चौकमोजणी: तुम्ही दोघंही रस्त्याच्या लांबीवर भांडताय. वाढ कुठे होणार हे ठरतं वाहनं चढतात-उतरतात त्या जागांवर. प्रत्येक प्लॉटचं फाटक थेट मुख्य रस्त्यावर उघडू दिलं की संपलं. वळणारी गाडी वेग कमी करते, मागची ब्रेक मारते, अपघात वाढतात, मग गतिरोधक, मग सिग्नल. सेवा रस्ता, म्हणजे मुख्य रस्त्याला समांतर छोटा रस्ता, पहिल्या दिवसापासून हवा आणि फाटकं त्यावरच उघडायला हवीत.

दुसरं, आतल्या रस्त्यांचं जाळं घरं येण्याआधी आखायला हवं. स्पेनमधल्या बार्सिलोना शहराच्या विस्ताराचा अभियंते इल्देफोन्स सेर्दा यांचा आराखडा 1859 चा. तिथल्या रस्त्यांच्या चौकटी आजही काम देतात. उभे-आडवे, दर किलोमीटरला 30 मीटर रुंद रस्ते आखले तर जमीन जाते जेमतेम 6 टक्के. आधी आखणी नसेल तर मुख्य रस्त्यालगतची पट्टी भरते आणि मागची जमीन वाटेअभावी अडकून पडते.

उलटबाजू: कागदावर 6 टक्के ठीक. पण पुढच्या रस्त्यासाठी राखून ठेवलेल्या मोकळ्या पट्ट्यावर अतिक्रमण होतंच! पुढे तो सोडवायला मूळ भूसंपादनापेक्षा जास्त खर्च येतो.

चौकमोजणी: हा मुद्दा खरा आहे. म्हणून पट्टा मोकळा ठेवायचाच नाही. हद्दीचे दगड रोवा, दोन्ही कडांना झाडं लावा आणि मधोमध एक मार्गिका लगेच वापरात आणा. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांसाठी कडेची जागा तेव्हाच सोडा, नाहीतर डांबर पडल्यावर तोच रस्ता खणावा लागतो. चौकट आखताना नाले मात्र सरळ करू नका. रस्त्यानेच वळण घ्यावं. भराव टाकून ओढा अडवला की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी वरच्या बाजूच्या घरांत शिरतं.

नकाशाकार: सेवा रस्ता आणि आतली आखणी आधी होणार असेल तर माझा विरोध मागे. नुसता मुख्य रस्ता आधी उरकणार असाल तर तो कायम आहे.