चहा-चपातीवरून पेटलेला ग्रुप
(सांगली, विश्रामबागेतल्या एका सोसायटीचा ग्रुप)

सेक्रेटरी: रविवारच्या बालआरोग्य कार्यशाळेला आलेल्या सगळ्यांचे आभार. मंडपवाल्याची एक खुर्ची कमी भरतेय. कुणाच्या बाल्कनीत गेली असेल तर सांगा.

बी-२०४: खुर्चीचं बघू ओ. मुलांकडून 'काल काय खाल्लं' लिहून घेतलं ते कागद कुठायत? आमच्या चिरंजिवांनी सकाळी चहा-चपाती, संध्याकाळी चहा-बिस्कीट लिहून ठेवलंय. डॉक्टर मॅडमनी मोठ्यानं वाचलं.

सी-३०३: आमच्याकडं पण तेच 🙈 निम्म्या कागदांवर चहा होता.

ए-१०२ आजी: त्यात काय लाजायचं? चहा-चपातीवरच तुम्ही सगळे वाढलात. कोण आजारी पडलं?

ए-१०२ सूनबाई: आई, मी किचनमध्येच आहे. ग्रुपवर कशाला?

ए-१०२ आजी: किचनमध्ये तू ऐकत नाहीस.

सी-३०१ सिस्टर: काकू, मी ३० वर्षं वॉर्डात काढली म्हणून बोलते. चपाती, डाळ, पालेभाजीत लोह असतं, पण वर चहा गेला की त्यातलं टॅनिन ते लोह धरून ठेवतं. पोटात गेलेलं अंगी लागत नाही. ५ ते ११ वर्षांच्या पोराचं हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली आलं की रक्त कमी समजतात. असं पोर काही अंथरुणाला खिळत नाही. नुसतं किरकिर करतं, लवकर दमतं, अभ्यासात लक्ष लागत नाही. आपण म्हणतो, आळशी आहे.

बी-२०४: हे वाक्य आमच्या घरात रोज असतं. मग उद्यापासून चहा बंद, मोठा ग्लास दूध.

सी-३०१ सिस्टर: दूध द्या, पण त्यात लोह जवळपास नसतंच. दिवसभर दुधावर पोट भरलं की पोर जेवत नाही, मग रक्त आणखी कमी. मोड आलेली मटकी द्या, वर लिंबू पिळा. मोड आले की त्यातलं लोह शोषायला सोपं जातं, लिंबातल्या क जीवनसत्त्वानं आणखी.

डी-४०१: आणि बेदाणे? तासगावचे घरात पाच किलो पडलेत.

सी-३०१ सिस्टर: मूठभर चालतील. पण दाताला चिकटतात, चूळ भरायला लावा. नुसत्या बेदाण्यानं आणि गुळानं रक्त वाढतं या भरवशावर राहू नका.

सी-३०३: सिस्टर, एक विचारू? शाळेत जंताची गोळी देतात, ती मी या वेळी नको म्हणून कळवलं होतं. आमच्या घरी स्वच्छता असते ना.

सी-३०१ सिस्टर: घरी असेल, पण मैदानातल्या मातीत पोरं अनवाणी पळतात. काही जंत आतड्याला चिकटून रक्तच पितात. वर्षातून दोनदा, १ ते १९ वर्षांपर्यंत सगळ्यांना देतात ती उगाच नाही. चुकली असेल तर डॉक्टरांना विचारून द्या. नीट चावून खायला सांगा.

डी-४०१: मी कबूल करतो. सकाळी पेपर वाचत चहात चपाती बुडवणारा मीच. पोरगी बघून बघून शिकली. तिला ओरडायला तोंड नाही मला.

बी-२०४: 😂 आमच्याकडं हे रविवारी मॅडमच्या समोर मान डोलवत होते. घरी आल्यावर पहिलं वाक्य, "चहा टाक."

सेक्रेटरी: पुढच्या महिन्यात बाबालोकांची वेगळी कार्यशाळा ठेवूया. (खुर्ची!!)

ए-१०२ आजी: सिस्टर, मटकी मी भिजत घालते आत्ता. परवा उसळ. पण माझा सकाळचा चहा कुणी बंद करायचा नाही. आणि नातू समोर बसला की त्याला बशीभर दिल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरत नाही, हे पण खरं.

ए-१०२ सूनबाई: आई, व्हॅन साडेसातला येते. तुमचा चहा ७.३५ ला ठेवते. मी पण तेव्हाच घेईन, तुमच्यासोबत.

ए-१०२ आजी: आलं जास्त घाल.