तारण कमावायचे नसते

सत्कर्मे केली की तारण (पापापासून सुटका) मिळतेच, मग शेजाऱ्यांना ख्रिस्ताविषयी वेगळे काय सांगायचे, असे एकाने विचारले आहे. बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात (वचने ८ ते १०) प्रेषित पौल याच्या उलट सांगतो: तारण कृपेने, विश्वासाद्वारे मिळणारे देवाचे दान आहे आणि सत्कर्मे त्यानंतर येतात. आपल्या कोल्हापुरात, विशेषतः गुजरीच्या सराफ बाजारात, ‘तारण’ म्हटले की कर्जापोटी ठेवलेले दागिने आठवतात. मला वाटते, बोलणे तिथूनच सुरू करावे, कारण जे सोडवण्याची ऐपत आपल्यात नव्हती, ते ख्रिस्ताने वधस्तंभावर स्वतःचा प्राण देऊन सोडवले. १८५२ साली इथे आलेले अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी शाळाही चालवल्या. आपणही आधी शेजाऱ्याचे दुःख ऐकावे; आमिष किंवा धाक दाखवला, तर दान हे दान राहत नाही.