‘व्यसनाचे प्रमाण वाढले’, म्हणजे नेमके काय वाढले?

प्रश्न: एका आरोग्य-पाहणीचा अहवाल मराठीत आणते आहे. ‘दारूच्या व्यसनाचे प्रमाण वाढले’ असे वाक्य सहज लिहून गेले आणि मग अडले. मूळ तक्त्यात तीन वेगळे आकडे आहेत: गेल्या बारा महिन्यांत एकदा तरी दारू प्यायलेले, पिण्यामुळे तब्येत बिघडलेले, आणि दारूवाचून ज्यांचे चालत नाही असे. माझ्या वाक्यात तिघांची एकच मोट बांधली गेली. ‘व्यसन’ला दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर: एका शब्दाने भागणार नाही, तीन लागतील. पहिल्यांसाठी ‘सेवन’, दुसऱ्यांसाठी ‘अपायकारक सेवन’, तिसऱ्यांसाठी ‘अवलंबित्व’. ही ओढाताण इंग्रजीतही झाली होती. ‘ॲडिक्शन’ आणि नुसती सवय यांतली सीमा कुणाला नीट आखता येईना, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ साली दोन्हींऐवजी ‘डिपेंडन्स’ हा शब्द सुचवला. आपल्याकडे मात्र चहाचेही व्यसन, वाचनाचेही व्यसन.

आणखी एक: ‘व्यसन’ संस्कृतातून येताना बरेच काही मागे टाकून आला आहे. तिथे त्याचा एक ठळक अर्थ संकट, आपत्ती. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांबद्दल आहे आणि त्यात राजाच्या मद्यपानाबरोबर पूर, आग, दुष्काळही येतात. मराठीत संकटाचा अर्थ गळाला, दोषाचा तेवढा उरला. म्हणून ‘व्यसनी’ म्हटले की आजारी माणूस डोळ्यांसमोर येत नाही, बिघडलेला माणूस येतो. मद्यामुळे जडणाऱ्या आजाराला आयुर्वेदात ‘मदात्यय’ असा वेगळा शब्द होता; तो बोलण्यात टिकला नाही याची हळहळ वाटते.

उत्तर: व्यसनाचे झाले, पण त्या वाक्यातला मोठा घोटाळा ‘प्रमाण’ या शब्दाने केला आहे. प्रमाण म्हणजे शेकडा किती माणसे पितात ते, की एकेक माणूस किती पितो ते? पिणारे तेवढेच राहून प्रत्येकाचे पिणे वाढू शकते आणि याच्या उलटही होऊ शकते; दोन्हींवर उपाय वेगळे. शिवाय आज एकूण किती जण आहेत आणि या वर्षी नव्याने किती जणांची भर पडली, हे दोन हिशेब निराळे. मी ‘पिणाऱ्यांची टक्केवारी’, ‘पिणाऱ्यांचा दरडोई खप’ आणि ‘नव्याने जडलेले’ असे फोडून लिहितो. वाक्य लांबते, पण खरे होते.

आणि पिण्याची रीत तर ‘प्रमाणा’त मावतच नाही. आठवड्याला सात मापे दोघेही घेतात. एक जण रोज एक, दुसरा सातही एकाच रात्री. सरासरी सारखीच, पण अपघात, मारामारी, हृदयाचे ठोके बिघडणे हे धोके दुसऱ्याला कितीतरी जास्त. जागतिक आरोग्य संघटना महिन्यातून एकदा तरी एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त शुद्ध अल्कोहोल घेणाऱ्यांची वेगळी मोजणी करते, ती यासाठीच. याला मी ‘एका बैठकीतले अतिपान’ म्हणतो.

प्रश्नकर्ती: माप म्हणजे पेगच ना?

उत्तर: नाही, पेग लिहू नका. पेग ओतणाऱ्याच्या हातावर असतो. संशोधनातले माप शुद्ध अल्कोहोलच्या ग्रॅममध्ये असते आणि तेही देशागणिक बदलते: ब्रिटनमध्ये ८ ग्रॅम, अमेरिकेत १४, बऱ्याच ठिकाणी १०. ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम भरते. ‘प्रमाणित माप’ लिहा आणि पहिल्याच पानावर ग्रॅम सांगा.

प्रश्नकर्ती: आता ‘निर्व्यसनी’चे सांगा. न पिणाऱ्यांच्या रकान्याला मी तेच नाव दिले आहे.

उत्तर: तो शब्द आधी खोडा, कळकळीने सांगतो. त्यात जन्मात कधी न प्यायलेला आणि यकृत बिघडल्यावर सोडलेला, दोघे एकत्र येतात. ब्रिटनमधले संशोधक शेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली नेमके हेच दाखवून दिले: आजारपणामुळे सोडलेले लोक न पिणाऱ्यांत धरले, की थोडी पिणारे त्यांच्यापुढे उगाच धडधाकट दिसतात. ‘थोडी घेतलेली चांगली’ या समजाला अशा मोजणीने बराच आधार दिला. ‘कधीच न प्यायलेले’ आणि ‘सोडलेले’ असे दोन रकाने करा.

आणखी एक: मी घरोघर जाऊन प्रश्नावल्या भरल्या आहेत. ‘मद्यपान करता का?’ म्हटले की समोरचा आखडतो. ‘कधी घेता का?’ म्हटले की बोलतो. कुणाचे पिणे धोक्याचे झाले आहे हे ओळखण्यासाठी ऑडिट नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिच्या सहाव्या प्रश्नात, आदल्या दिवशी खूप प्यायल्यावर सकाळी सावरायला पुन्हा प्यावी लागते का, असे विचारतात. त्याचे पुस्तकी भाषांतर कुणाला कळेना. ‘सकाळी उतारा लागतो का?’ म्हटल्यावर एका आजोबांनी लगेच मान हलवली. तसेच ‘तलफ’. ‘तीव्र इच्छा’ लिहून तिची धार जाते. ‘दारू घेतो’, ‘दारू लागली’, ‘दारूच्या आहारी गेला’ या पायऱ्या लोकांच्या बोलण्यात आधीपासून आहेत. अहवाल लिहिणाऱ्यांनीच त्या सपाट केल्या.

उत्तर: ‘अमली पदार्थ’ही जपून वापरा. अंमल चढवणारा तो अमली, या अर्थाने दारूही त्यात यावी, पण कानाला तसे वाटत नाही. डॉक्टरांनी न सांगता रोज झोपेच्या गोळ्या घेणारी बाईसुद्धा ‘अमली पदार्थ घेता का?’ याला ‘नाही’ म्हणेल आणि ते खोटे नसेल. ‘ड्रग’चे ‘औषध’ केले तर तापाची गोळीही मोजली जाईल. प्रत्येकाचे नाव घेऊन विचारायचे: गांजा, अफू, हुंगायचे पदार्थ, झोपेच्या गोळ्या.

प्रश्नकर्ती: वाक्य बदलले. ‘गेल्या बारा महिन्यांत दारू प्यायलेल्यांची टक्केवारी वाढली, अवलंबित्व असलेल्यांची तेवढीच राहिली.’ पहिल्या वाक्यातून हे कुणालाच कळले नसते. ‘उतारा’ प्रश्नावलीत घेते आहे. फक्त ‘सोडलेले’ या रकान्यात महिनाभरापूर्वी सोडलेला धरायचा का, ते अजून ठरत नाही.

उत्तर: तुमच्या तक्त्याची मुदत बारा महिन्यांची आहे, तेव्हा तो अजून ‘पिणाऱ्यां’तच.