मे महिना, क्रूसाजवळची जपमाळ आणि चणे: तुमच्या आठवणी लिहा

आळीतली_लेक: आज स्टेशनबाहेर मोगऱ्याची पुडी घेतली आणि वासासरशी वसईतल्या आमच्या आळीचा क्रूस आठवला. मे म्हणजे मरियामातेचा महिना. तिन्हीसांजेला सगळी आळी क्रूसाभोवती जमायची. रोज एका घराची पाळी. क्रूस धुवायचा, हार घालायचा, मेणबत्त्या त्यांच्याच. जपमाळ, मग लिटनी (मातेची एकेक बिरुदं घेऊन केलेली विनवणी), मग मातेचं गाणं. आजी ‘आम्हांसाठी विनंती कर’ इतकं लांबवायची की आम्ही पोरं तोवर पुढच्या ओळीवर पोचलेलो असायचो. शेवटी उकडलेले चणे, खोबऱ्याचे तुकडे घालून. आता फ्लॅटमध्ये राहते, यंदा लेकीला घेऊन घरीच सुरू केलंय. तुमच्याकडे कसं असायचं?

नंदाखाळकर: चणे!!! आमची पाळी असली की आई आदल्या रात्री मोठ्या टोपात भिजत घालायची. झाकण उचलून बघितलं की हातावर फटका.

गावठाण_वांद्रे: मुंबईच्या गावठाणांतले बरेच क्रूस 1896 च्या प्लेगच्या वेळचे. घरटी माणूस जात होतं, तेव्हा लोकांनी नवस बोलून उभे केले. 3 मे चा पवित्र क्रूसाच्या शोधाचा सण रोमने 1960 मध्ये कॅलेंडरमधून काढला, तरी आमच्याकडे क्रूसाची प्रार्थना मेमध्येच होते. पूर्वजांचा शब्द आहे तो, आम्ही पाळणारच.

म्हापशेकार: गोव्यात क्रूसाजवळच्या अशा प्रार्थनेला आम्ही लदीन म्हणतो. व्हायोलिन असलं तर काय विचारता! पण मला आमच्या म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मरियामातेचं, फेस्त (सण) जास्त आठवतं. ईस्टरनंतर पंधरवड्याने सोमवारी येतं. हातात तेलाची बाटली घेऊन रांगेत हिंदू-ख्रिस्ती सगळे. शिरगावची लईराई देवी तिची बहीण, असं आमच्याकडे लहान पोरसुद्धा सांगेल.

शेजारची_काकू: मी हिंदू, पण लग्न होऊन आले ते वसईतच. शेजारच्या मावशींनी पहिल्याच वर्षी बोलावलं, म्हणाल्या, ‘सोनचाफा तुझ्या झाडाचा, मग तू यायचंच.’ अजून माझीच फुलं जातात. मावशी गेल्या, आता त्यांची सून हाक मारते.

आळीतली_लेक: काकू, डोळे भरून आले हो 🙏

बाटली_मसाला: मे म्हटलं की मला आधी मसालाच आठवतो 😄 दिवसभर अंगणात मिरच्या वाळत, संध्याकाळी सगळ्या बायका शिंकत शिंकत जपमाळेला. कुणाकडे कुटणाऱ्या बाया येतात का अजून? आमच्याकडच्या यायच्या बंद झाल्या.

नंदाखाळकर: ताई, गिरणीतच देतो आता. मसाला भरायच्या काळ्या बिअरच्या बाटल्या मात्र आईने जपून ठेवल्यात.

कॅनडातून: रात्रपाळी संपवून वाचतेय. 13 मे, फातिमा मातेचा सण! 1917 मध्ये त्या दिवशी तीन मेंढपाळ मुलांना माता दिसली. 1981 ला त्याच तारखेला पोपसाहेबांवर, जॉन पॉल दुसरे यांच्यावर, गोळीबार झाला. रेडिओवर बातमी आली तशी पप्पांनी जेवणं थांबवून सगळ्यांना गुडघ्यांवर बसवलं होतं. 2020 मध्ये लिटनीत तीन नवीन बिरुदं आली, त्यातलं एक स्थलांतरितांसाठी. इकडे आम्ही चार मराठी घरं व्हिडिओ कॉलवर जपमाळ म्हणतो. ती ओळ आली की कुणीतरी हुंदका देतंच.

म्हापशेकार: कॅनडाताय, तुमका सगळ्यांक सायबीण सांबाळूं.

नवी_सून: आज गुरुवार ना? मग जपमाळेत प्रकाशाची रहस्ये (मनन करायचे येशूच्या जीवनातले प्रसंग)? सासूबाई म्हणतात त्यांच्या लहानपणी ही नव्हतीच.

गावठाण_वांद्रे: बरोबर म्हणतात. 2002 मध्ये आली. त्याआधी आनंदाची, दुःखाची, गौरवाची एवढीच.

नवी_सून: थँक्यू! उद्या आमची पाळी आहे, साठेक माणसं येतील. चणे किती भिजवू?

नंदाखाळकर: चार किलो घाल. पोरं दोनदा घेतात.

बाटली_मसाला: आणि फोडणीत माझ्याकडचा मसाला टाक, बाटली पाठवते. पापडीच्या बाजाराला कोण येतंय उद्या सकाळी?