शेतावरचे बालपण : ज्वारीची राखण आणि हुरडा

प्रश्न : माझे बालपण मंगळवेढ्याच्या काळ्या रानात गेले. मालदांडी ज्वारीचा दाणा हुरड्यात आला, की आम्हां भावंडांना हाती गोफण देऊन शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, पाखरे राखायला बसवीत. आपल्याकडे राखण कशी होत असे?

उत्तर : आमच्या बार्शीकडच्या शेतात पत्र्याचा डबा बडवीत. दुपारी आजी गोवऱ्यांची आगटी पेटवी, निखाऱ्यांत भाजलेले कणीस तळहातांवर चोळून, फुंकरीने कोंडा उडवून, तो वाफाळता हुरडा आधी राखणदाराच्याच ओंजळीत घाली. तिचा हा न्याय मला आजही फार मोलाचा वाटतो.

दुसरे उत्तर : खास हुरड्यासाठी आमच्याकडे गूळभेंडी ज्वारी पेरीत, कारण तिचा कोवळा दाणा गोड असतो आणि कणसातून सहज सुटतो. पाखरेही आधी तिच्यावरच तुटून पडत, म्हणून माळा तिच्याच कडेला उभारीत.