लोंबीतले खालचे दाणे पोचट. कोणतं संजीवक फवारू?

मृगधारा: भाताच्या लोंब्या वर टच्च भरल्यात, पण खालच्या फांद्यांवरचे दाणे दाबले की पोकळ. खत भरपूर दिलंय. सायटोकायनिन या संजीवकाने, म्हणजे वनस्पतीच्या संप्रेरकाने, दाणा भरतो असं वाचलं. कोणतं, किती? लवकर सांगा.

बांधावरून: वाण? फुलोरा कधी झाला? ‘भरपूर खत’ म्हणजे नुसतं नत्र का?

शिवार: बोरॉन मारा. ते कमी पडलं की परागकण वांझ राहतात, दाणा धरतच नाही. गव्हात डोळ्यांनी पाहिलंय.

पेशी: शिवार, दाणा धरलाय की नाही ते आधी कळू दे. मृगधारा, तूस सोलून बघा. आत काहीच नाही, की चपटा, खडूसारखा पांढरा दाणा आहे?

मृगधारा: चपटा आहे. काहींत अजून चीक. वाण मोठ्या लोंबीचा. नत्र पोटरीत (लोंबी पानाच्या आवरणात) असतानाही दिलं, पालाश (पोटॅश) नाही. आता संजीवकाचं बोला.

पेशी: मग फलन झालंय, बोरॉनचा प्रश्न मिटला. सायटोकायनिनची वेळही टळली. फलनानंतर आठ-दहा दिवस भ्रूणपोषाच्या, म्हणजे दाण्यातल्या स्टार्च साठवणाऱ्या भागाच्या, पेशींची संख्या वाढते, तेव्हा त्याचं काम. जितक्या पेशी, तितकी स्टार्चला जागा. खालची फुलं उशिरा उमलतात, तोवर वरचे दाणे साखर ओढून घेतात. त्यात खालच्या दाण्यांत इथिलीन हे दुसरं संप्रेरक जास्त, म्हणून भरणं आणखी मंदावतं.

वाणवेडा: सगळं जनुकांत आहे. जीएन१ए हा जनुक २००५ साली सापडला. तो मंद असला की सायटोकायनिन कमी मोडतं आणि लोंबीत दाणे वाढतात. वाण बदला!

पेशी: दाणे वाढणं वेगळं, भरणं वेगळं. मोठ्या लोंबीच्या वाणांतच खालचे दाणे रिकामे राहतात. भरण्यासाठी जीआयएफ१ हा जनुक बघा, २००८चा. त्याच्यामुळे बनणारं इन्व्हर्टेज हे विकर (एन्झाइम) दाण्यात आलेली साखर फोडतं, म्हणून दाण्याकडे ओढ टिकते.



बांधावरून: मृगधारा, शेंड्याचं पान कसं आहे?

मृगधारा: गर्द हिरवं. काडीसुद्धा.

बांधावरून: तेच. नत्र जास्त झालं की पीक हिरवंच राहतं आणि काडीतली साखर काडीतच अडकते. पालाश कमी असेल तर ती वाहतही नाही नीट.

मृगधारा: म्हणजे फवारायचंच नाही?

बांधावरून: नाही. चीक आहे ते दाणे भरू देत, पाणी एकदम तोडू नका. पुढच्या लागवडीआधी माती तपासा, पालाश त्याप्रमाणे द्या आणि पोटरीतला नत्राचा हप्ता हलका ठेवा.