लेकीला प्लॅनिंगला घालण्याबद्दल

ताई, लेकीला नकाशांची आवड आहे, पण प्लॅनिंग, म्हणजे नगररचना, शिकून नोकरी कुठे, असं तुम्ही विचारलंय. मी याच क्षेत्रात आहे, म्हणून लिहिते. पुण्यात सीओईपी या तंत्रज्ञान विद्यापीठात हा विषय शिकवतात. सहायक नगररचनाकाराची पदं एमपीएससीतून भरतात. कामाला तर तोटाच नाही: २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, म्हणजे रस्ते, शाळा, ड्रेनेज सगळ्याचीच आखणी आली.

पण निव्वळ सुबक ड्रॉइंगवर भागत नाही. पहिल्याच सर्व्हेत मी नकाशावरचा ओढा शोधत तासभर हिंडले. त्यावर पत्र्याचं गोदाम उभं होतं. शेजारच्या आजोबांनी पाणी कुठून जायचं ते काठीने दाखवलं, तेव्हा कुठे नकाशा उमजला. तिला सातबारा आणि गावनकाशा वाचायला आतापासूनच शिकवा.